पाकीट न फोडता हातात यावं म्हणून

तुमचा प्रश्न असा आहे: इंदूरला लोकमान्य नगरात सासरी राहता, नोकरी करता. दुपारी घरी फक्त तुमच्या नवऱ्याच्या आत्याबाई असतात आणि तुमच्या नावानं आलेलं प्रत्येक पाकीट त्या फोडतात. बँकेचं फोडलं, विम्याचं फोडलं, गेल्या महिन्यात लॅबमधून आलेला रिपोर्टही फोडला. विचारलं की म्हणतात, "घरात काय चोरून ठेवायचंय?" नवरा म्हणतो, वय झालंय, जाऊ दे. पोलिसात तक्रार होते का, आणि फाटकाला स्वतःची कुलपाची पेटी लावू का, हे तुम्ही विचारलंय.

मी घरगुती वादांत मध्यस्थी करते. टपालावरची भांडणं टपालाच्या नावानं क्वचितच येतात. "मला परकी समजतात", "माझ्यावर पाळत ठेवतात" अशी ती येतात, आणि मग सगळे विश्वास-अविश्वासावर बोलत बसतात. त्यातून काही निघत नाही. तुमची खरी अडचण आधी मोजून घेऊ. टपाल दुपारी एकच्या सुमारास येतं, तुम्ही सातला घरी येता. या सहा तासांत तुमच्या नावाची वस्तू दुसऱ्याच्या हातात असते. हे सहा तास कमी करता येतात, बऱ्याच कागदांच्या बाबतीत शून्यावर आणता येतात. आत्याबाईंचा स्वभाव बदलण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागदाची वाट बदलायची, मग बोलायचं. लोक नेमकं उलटं करतात. आधी बोलतात, भांडण होतं, आणि दुसऱ्याच दिवशी बँकेचं पाकीट पुन्हा त्याच हातात जाऊन पडतं.

पण त्याआधी एक फरक करायला हवा. पाकीट फोडणं ही एक गोष्ट नाही, चार आहेत. फोडून तुम्हाला देणं. फोडून, वाचून चार जणांना सांगणं. फोडून ठेवून घेणं, म्हणजे पत्र तुमच्यापर्यंत न येणं. आणि आतल्या गोष्टीचा वापर करणं: कार्ड, चेकबुक, सही, खाते क्रमांक. तुमच्या लिहिण्यावरून आत्याबाई पहिल्या पायरीवर आहेत, रिपोर्टच्या बाबतीत कदाचित दुसऱ्या. या दोन पायऱ्यांवर बोलून काम होतं. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर निव्वळ बोलण्यानं होत नाही, तिथे पत्ता, खातं आणि गरज पडल्यास कायदा लागतो. तुमचं प्रकरण कुठल्या पायरीवर आहे हे ओळखायला एक महिनाभर साधी वही ठेवा: तारीख, कोणाचं टपाल, फोडलेलं होतं का, तुमच्या हातात कधी आलं. वही कुणाला दाखवायची नाही. कित्येकदा महिन्याअखेरीस लक्षात येतं की बारा पाकिटांतली नऊ येणं मुळातच टाळता आलं असतं.

आत्याबाईंच्या बाजूनंही एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण बोलताना ती उपयोगी पडते. त्यांच्या पिढीत पत्र घराला यायचं, माणसाला नाही. कार्डावर कोणाचंही नाव असो, आत "थोरांस साष्टांग नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद" असायचं आणि ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जायचं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की कुणीतरी गेल्याची बातमी, ते उंबऱ्यापाशीच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. घरी असणाऱ्या बाईनं टपाल घेणं, फोडणं आणि निरोप पोचवणं हे तेव्हा काम होतं, आगाऊपणा नव्हता. चाळीस वर्षं जे काम म्हणून केलं ते आता अचानक चूक ठरतंय, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसणार. यामुळे तुमची तक्रार खोटी ठरत नाही. फक्त "तुम्ही हेरगिरी करता" अशी सुरुवात केलीत तर त्यांना ते खरोखर कळणार नाही.

मात्र सवय जुनी आहे की नवी, हे नक्की बघा. आयुष्यभर असं न करणाऱ्या वयस्कर माणसानं अलीकडेच पाकिटं फोडायला, गादीखाली लपवायला, "माझे पैसे कुणीतरी नेले" असं म्हणायला सुरुवात केली असेल, तर तो वागण्याचा प्रश्न नाही. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होऊ शकते. त्यांना डॉक्टरांकडे न्या, पुढचं काहीही वाचू नका.

आता कायदा. अपेक्षा योग्य ठेवा, नाहीतर पोलीस ठाण्यातून अपमान घेऊन परत याल. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा आता नाही, १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे. जुन्या कायद्यातही पत्र पत्त्यावरच्या घरी दिलं की ते पत्त्यावरच्या माणसाला मिळालं असंच धरलं जायचं. म्हणजे पोस्टाची जबाबदारी दारापाशी संपते आणि पोस्टमनविरुद्ध तक्रार करून उपयोग नाही. घरातल्या माणसानं नुसतं पाकीट फोडलं, वाचलं आणि दिलं, एवढ्यावर पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा २४ ऑगस्ट २०१७ चा निर्णय आहे आणि लोक तो हमखास पुढे करतात, पण तो मुख्यतः सरकारच्या विरोधातला हक्क आहे. स्वयंपाकघरातल्या वादात तो थेट कामाला येत नाही.

चेक, कार्ड, प्रमाणपत्र अप्रामाणिकपणे ठेवून घेतलं तर मात्र ती वस्तू आहे आणि तो चोरीचा किंवा अपहाराचा विषय होतो. आणि बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट: कागदी पाकिटापेक्षा ईमेलला कायद्याचं संरक्षण जास्त आहे. तुमचा पासवर्ड वापरून कुणी फसवणुकीनं तुमचा मेल उघडला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी लागू शकतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. नातं कोणतं, याची सूट त्यात नाही.

आता वाट बदलण्याचं काम. इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण नव्वद टक्के शांतता इथून येते.

सुरुवात बँकेपासून करा. बँकेत दोन पत्ते असतात, कायमचा आणि पत्रव्यवहाराचा. दुसरा बदलायला घर बदलावं लागत नाही. तिथे कार्यालयाचा पत्ता द्या, पण आधी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलाला विचारा की खासगी टपाल घेतात का. पत्त्यात विभागाचं नाव आणि मोबाइल नंबर हवाच, नाहीतर पाकीट तिथेच फिरत राहतं. कार्ड आणि चेकबुक मागवताना शाखेतून घेण्याची सोय आहे का ते विचारा. असेल तर तोच पर्याय घ्या आणि ओळखपत्र घेऊन जाऊन आणा. स्टेटमेंट कागदावर येत असेल तर बंद करून ईमेलवर घ्या. खातं नवऱ्याबरोबर संयुक्त असेल तर स्टेटमेंट साधारणपणे पहिल्या नावाच्या माणसाकडे जातं, हे लक्षात ठेवून मग ठरवा.

हे करताना मोबाइल नंबर तपासायला विसरू नका. लग्नाआधी उघडलेल्या खात्याला वडिलांचा, लग्नानंतर उघडलेल्या खात्याला नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर असणं इतकं सर्रास आहे की मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते. पत्ता बदलला आणि नंबर तोच राहिला, तर सगळं मुसळ केरात. आयकराच्या पोर्टलवरही हेच होतं. घरातल्या सगळ्यांची विवरणपत्रं एकच सीए भरतो आणि सगळ्यांच्या नावापुढे सासऱ्यांचा ईमेल असतो. लॉगिन करून प्रोफाइलमध्ये मुख्य संपर्क स्वतःचा करा.

इथे एक सावधगिरी. स्टेटमेंटच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत होऊ नका. हे पासवर्ड ठरलेल्या सूत्रानं बनतात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे आठ आकडी जन्मतारीख. बऱ्याच बँकांचं सूत्र याच्याच आसपासचं असतं. बाहेरच्या माणसाला ते अडवेल, पण तुमची जन्मतारीख पत्रिकेसकट घरात सगळ्यांना पाठ आहे. खरं कुलूप तुमच्या ईमेल खात्याला लागायला हवं, त्याबद्दल खाली लिहिते.

विम्याचं पाकीट थोडं वेगळं असतं. हप्त्याच्या सूचना एसएमएस आणि ईमेलवर वळवता येतात, त्यासाठी शाखेत संपर्क बदलून घ्या. पण पॉलिसीचा मूळ कागद अनेकदा एजंटच्या हातानं घरी येतो, आणि एजंट बहुधा घरच्यांच्या ओळखीचाच असतो. तो चहा घेऊन, "सूनबाईंची पॉलिसी आली बरं का" म्हणून आत्याबाईंच्या हातात देऊन जातो. त्याला तोंडी सांगू नका, मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवा: माझा कोणताही कागद मलाच द्यावा, मी कार्यालयातून किंवा तुमच्याकडून येऊन घेईन. लिहिलेलं असलं की तो विसरत नाही.

लॅबच्या बाबतीत अर्ज भरताना स्वतःचा नंबर स्वतःच्या अक्षरात लिहा आणि "रिपोर्ट घरी पाठवू नये, मी येऊन घेईन किंवा माझ्या नंबरवर पाठवावा" असं तिथेच लिहून द्या. रक्त घ्यायला माणूस घरी येत असेल तर तो सोयीसाठी घरच्यांचाच नंबर टिपून नेतो, तिथेच गडबड होते.

पत्ता लिहिण्याची एक चूक सगळे करतात. "द्वारा श्री. अमुक" असं लिहिलं की पाकिटावर दोन नावं येतात, आणि दुसऱ्या नावाला ते आपलंच वाटतं. फॉर्ममध्ये हा रकाना रिकामा ठेवता येत असेल तिथे ठेवा. नाव पूर्ण लिहा. "सौ. अ. वि." अशी आद्याक्षरं दोन जावांची सारखी असू शकतात, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात. "चष्मा नव्हता, नाव दिसलं नाही" हे उत्तर दर वेळी खोटं नसतं.

जी पत्रं कागदावरच येणार, त्यांच्यासाठी पोस्टाकडे काही सोयी आहेत. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, घरातलं कुणीही सही करून घेऊ शकतं. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांत त्यावर दोन जोड-सेवा आहेत: नोंदणी, ज्यात वस्तू फक्त ज्याच्या नावानं आहे त्याला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाला मिळते, आणि ओटीपीवर वितरण. प्रत्येकीला ५ रुपये अधिक जीएसटी. ही निवड पाठवणाऱ्याला करावी लागते, म्हणून आई, मैत्रीण, वकील, जुनं कार्यालय, जे कुणी महत्त्वाचं पाठवणार असतील त्यांना आधी सांगा आणि तुमचा मोबाइल नंबर द्या. यात अडचण एकच: दुपारी तुम्ही घरी नसता, त्यामुळे पोस्टमन वस्तू परत नेणार. मग ओळखपत्र घेऊन पोस्टात जावं लागतं, आणि ती तिथे मोजकेच दिवस थांबते. पाठवणाऱ्याकडून क्रमांक मागून घ्या (दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन), म्हणजे कुठे पोचली ते बघता येईल.

तुमच्या पिनकोडच्या वितरण पोस्टात पोस्टमास्तरांना अर्ज देता येतो: माझ्या नावाची सहीची टपालं मलाच द्यावीत, मी नसल्यास पोस्टात ठेवावीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. साध्या टपालाबद्दल मात्र त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकाच पत्त्यावरची साधी पत्रं माणसागणिक वेगळी देणं पोस्टमनला शक्य नसतं. त्याला गुपचूप तुमच्या हातात पत्रं द्यायला सांगणं हा मार्ग तर टाळाच, कारण गल्लीत ही गोष्ट एका आठवड्यात आत्याबाईंपर्यंत पोचते आणि मग तुम्ही खरोखरच काहीतरी लपवताय असं दिसतं.

पोस्ट बॉक्स भाड्यानं घेण्याचा पर्याय आहे. चौकशी जीपीओत, म्हणजे शहराच्या मुख्य पोस्टात करा. अर्ज, ओळखपत्र, भाडं, आणि किल्ली तुमच्याकडे. पण खासगी कुरिअर तिथे टाकत नाहीत, सहीची वस्तू खिडकीवरूनच घ्यावी लागते, आणि बँक केवायसीसाठी हा पत्ता घेत नाही. महिन्याला चार-पाच खासगी पत्रं येत असतील तरच त्याचा उपयोग.

आता तुमच्या कुलपाच्या पेटीबद्दल. लावता येईल, पण पहिलं पाऊल म्हणून लावू नका. एकत्र घराच्या फाटकावर सुनेच्या नावाची कुलपाची पेटी अचानक दिसली की तो आत्याबाईंसाठी चारचौघांत केलेला आरोप होतो. शिवाय सहीची टपालं आणि कुरिअर त्यात पडतच नाहीत, ती हातातच दिली जातात. बोलणं झाल्यावर, सगळ्या घराची म्हणून एक पेटी लावली तर चालते. तेव्हा तोंड किमान २५ सेंटीमीटर रुंद घ्या, कारण कागद न दुमडता ठेवायचं मोठं पाकीट २३ सेंटीमीटर रुंद असतं आणि अरुंद तोंडात पोस्टमन ते अर्धं बाहेर लोंबतं ठेवून जातो. तोंडावर झडप हवी, तोंडापासून तळ हात पोचणार नाही इतका खोल हवा, आणि पेटी छज्जाखाली हवी. पावसाळ्यात उघड्यावरच्या पेटीत लगदा होतो.

एक कागद मात्र असा आहे की त्याबद्दल घरात सगळ्यांना स्पष्ट सांगायलाच हवं: न्यायालयाचं समन्स. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ प्रमाणे ज्याच्या नावानं समन्स आहे तो घरी नसेल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीला ते देता येतं. नोकराला दिलेलं चालत नाही, आत्याबाईंना दिलेलं चालतं. त्यांनी सही करून घेतलं आणि "उगाच सूनबाईला काळजी नको" म्हणून फडताळात ठेवलं, तर तारीख निघून जाते आणि न्यायालयाच्या लेखी ते तुम्हाला मिळालेलं असतं. चांगल्या हेतूनं लपवलेल्या कागदांनी झालेलं नुकसान मी वाईट हेतूच्या कागदांइतकंच गंभीर मानते. सही करून घेतलेलं काहीही त्याच दिवशी ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, हा नियम वादाच्या बाहेरचा ठेवा.

एवढं झालं की बोला. साधारण तीन आठवडे लागतात. तोवर येणारं टपाल निम्म्याच्या खाली आलेलं असतं आणि तुमच्याही मनातला राग थोडा उतरलेला असतो.

आधी नवऱ्याशी एक वाक्य ठरवून घ्या. त्यांनी तुमची बाजू लढवायची नाही, फक्त समोर बसायचं आणि "हो, हे मलाही मान्य आहे" एवढं म्हणायचं. बोलायचं तुम्ही. नवऱ्याकडून निरोप पाठवला तर तो "बायकोनं शिकवलेलं" होतो. वेळ दुपारच्या चहानंतरची, सुट्टीच्या दिवशी. पाकीट फोडलेलं सापडलं त्याच क्षणी बोलू नका, सणावाराला किंवा पाहुण्यांसमोर तर नाहीच.

शब्द साधे ठेवा. "आत्याबाई, इतकी वर्षं घरचं टपाल तुम्ही सांभाळलंत. माझ्या नावाचं येईल ते न फोडता या परडीत ठेवाल का? मी आले की बघेन." परडी खरोखरची हवी, ठरलेल्या जागी, त्यांच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांचं टपाल त्यातच. टपाल घेणं आणि जपून ठेवणं हे काम त्यांच्याकडेच राहतं, फोडणं फक्त निघून जातं. माझ्या अनुभवात हा भाग सगळ्यात जास्त काम करतो. काम काढून घेतलं की माणूस हट्टाला पेटतो, काम थोडं बदललं की बहुतेकदा स्वीकारतो. "प्रायव्हसी" हा शब्द वापरू नका. तो ऐकला की मोठ्यांना आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटतं. "माझ्या नावाचं" एवढं पुरतं.

"घरात काय चोरून ठेवायचंय?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर: "चोरून काही नाही. माझ्या नावाचं मी आधी बघेन, सांगण्यासारखं असेल ते मीच तुम्हाला सांगेन." यापुढे एक शब्दही जोडू नका. बँकेच्या पत्रात काय होतं, किती शिल्लक होती, असं स्पष्टीकरण दिलंत की दर पत्राचं स्पष्टीकरण द्यावं लागेल. "काही वाईट बातमी असली तर?" असं त्या विचारतील. ती भीती खरी आहे, तिला नीट उत्तर द्या: आता तातडीची बातमी फोनवर येते, आणि एखादं पाकीट फारच निकडीचं वाटलं तर मला फोन करा, मी सांगेन ते तेव्हा फोडा. पण त्यांनी फोन केल्यावर खरोखर उचला. दोनदा उचलला नाहीत तर तिसऱ्यांदा त्या फोडतील.

नियम सगळ्यांना सारखा हवा. तुम्ही नवऱ्याची पाकिटं फोडत असाल, किंवा आत्याबाईंच्या पेन्शनचं पत्र "त्यांना काय कळतंय" म्हणून कुणी फोडत असेल, तर ते त्याच दिवसापासून बंद. त्यांचं पत्र त्यांच्या हातात न फोडता दिलं, "वाचून दाखवू का?" असं विचारलं, की तुमचं म्हणणं त्यांना बोलण्यापेक्षा लवकर कळतं.

पुढच्या महिन्याभरात दोन-तीनदा जुनी सवय डोकं वर काढेलच. तेव्हा त्याच संध्याकाळी तेच वाक्य, त्याच आवाजात. मागचा हिशेब काढायचा नाही. आणि खोटं पाकीट ठेवून पकडण्याचा खेळ कधीही करू नका. पकडलं जातं, पण वयस्कर माणसाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावून तुम्ही जे कमावता ते टिकत नाही, घर दोन भागांत तुटतं.

ईमेलचं थोडक्यात. दिवाणखान्यात सामाईक संगणक असेल किंवा तुमचा जुना फोन भाच्याकडे असेल, तर क्रम पाळा. सगळ्यात आधी रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला दिलेला, फोन आणि ईमेल बदला, मग पासवर्ड, मग सगळ्या यंत्रांवरून लॉगआउट, मग टू-स्टेप पडताळणी. उलटं केलंत तर ज्याच्याकडे रिकव्हरीचा नंबर आहे तो दोन मिनिटांत तुमचा नवा पासवर्ड पुन्हा बदलू शकतो. जीमेल संगणकावर उघडून अगदी खाली उजवीकडे "डिटेल्स" वर गेलात की खातं अलीकडे कुठून उघडलं गेलं ते दिसतं. सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन्ही बघा, कारण पासवर्ड बदलला तरी आधी लावलेलं फॉरवर्डिंग चालूच राहतं. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" बघा. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्डही काढा.

वर लिहिलेलं सगळं साध्या घराला लागू आहे. पत्रं मिळतच नाहीत, पगाराचं कार्ड दुसऱ्याकडे आहे, फोन तपासला जातो, बाहेर जाण्यावर बंधन आहे, असं असेल तर समोरासमोर बोलू नका. आधी मूळ कागद सुरक्षित जागी हलवा, त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये घ्या, आणि १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करा. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात आर्थिक आणि मानसिक छळ दोन्ही येतात, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्यात घरातल्या बायकांविरुद्धही तक्रार करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००. तुमच्या लिहिण्यात याची लक्षणं मला दिसली नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकतात.

राहिला तो रिपोर्ट. तो फोडला गेलाय, वाचलाही गेला असेल, आणि ते आता मागे घेता येत नाही. परडीचं बोलणं आणि रिपोर्टचं बोलणं एका दिवशी करू नका, दोन्ही बिघडतात. रिपोर्टबद्दल आधी, एकट्या आत्याबाईंशी बोला, आणि नवऱ्यालाही तिथे बसवू नका. एवढंच म्हणा: "माझा रिपोर्ट तुम्ही वाचलात हे मला लागलं. त्यातलं आणखी कोणाला सांगू नका, एवढं माझ्यासाठी करा." कोणाला आधीच सांगितलं असेल तर त्या तेव्हाच सांगून टाकतील, निदान तुमच्या डोळ्यांत न बघता उठून जातील, आणि तुम्हाला कळेल. त्यावर त्या क्षणी काहीही बोलू नका. पुढची तपासणी असेल तर रिपोर्ट तुमच्या नंबरवर पाठवायचं लॅबमध्ये आजच लिहून द्या.